काठी सोडताना

देवाने माझ्यासाठी खास काही केले, असे म्हणण्याचे धाडस मला कधी झाले नाही. ज्या सिद्धरामेश्वरांच्या दारी सोलापूरचे निम्मे गाव आपापली दुखणी घेऊन जाते, तिथे नेमके माझ्याच दुखण्याकडे त्यांचे लक्ष गेले असे समजणे मला उद्धटपणाचे वाटते. शिवाय मी ज्या अवस्थेत त्यांच्यापुढे उभा होतो, ती भक्ताची अवस्था नव्हती. मी काहीतरी लपवत होतो, आणि लपवायला त्यांचीच मदत मागत होतो. तरीही गेल्या संक्रांतीला, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी, माझ्या शरीरात जे घडले, आणि ज्या रीतीने मला त्यातून बाहेर काढले गेले, ते आठवले की मी अजूनही बोलता बोलता थांबतो. ते जसे घडले तसे लिहावे, त्याचा अर्थ कुणावर लादू नये, एवढेच ठरवून बसलो आहे.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो. पूर्वी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून मोर, वेली आणि काठ उभे करायचो. आता तेच संगणकावर करतो. त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात. पण माझी खरी ओळख, निदान माझ्या मनातली, वेगळी होती. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज शहरातून मिरवत जातात. आम्ही त्यांना साधेपणाने काठी म्हणतो. दुमजली घराच्या वर जाईल एवढी ती उंच असते. तिचा बुंधा कमरेच्या पट्ट्याला असलेल्या चामडी खोबणीत बसवायचा आणि ती सरळ उभी तोलत चालायचे. एका वेळी एकच माणूस ती पेलतो. ही सेवा मी तरुणपणापासून करत आलो आहे. पांढरी बाराबंदी घालून, डोक्याला फेटा बांधून मी काठीखाली उभा राहिलो की मला वाटे, माझे असणे आता कुठे सुरू झाले.

यात्रेच्या कितीतरी आधीपासून आमचा सराव चालतो. सरावाच्या काठीला वाळूच्या पिशव्या बांधतात, म्हणजे खऱ्या दिवशी सजवलेली काठी जड वाटू नये. या दिवसांत प्रत्येक काठीवाल्याचे पोट दुखते. पट्ट्याचा दाब, बुंध्याचा रेटा आणि सतत ताणलेले स्नायू यांमुळे नाभीखाली एक ठसठस बसते. तिला आमच्यात काठीचे दुखणे म्हणतात आणि तिचा उपायही ठरलेला आहे. पट्टा आणखी एक वळसा घट्ट करायचा आणि चालत राहायचे. दोन-चार दिवसांत स्नायू शहाणे होतात. त्यावर डॉक्टरकडे जाणारा काठीवाला मी पाहिलेला नाही.

म्हणून यंदा सरावाच्या सुरुवातीला माझ्या पोटात उजव्या बाजूला कळ उठली तेव्हा मी ती ओळखीची मानली आणि पट्टा आवळला. मात्र ही कळ मुरली नाही. ती एकाच जागी बोट ठेवल्यासारखी राहिली, पावलागणिक आतून हिसका देऊ लागली. खोकला आला की जीव गोळा होई. मला उलटी नव्हती, ताप अगदी अंगात कणकण म्हणावा इतका, त्यामुळे माझा समज पक्का होत गेला. औषधाच्या दुकानातून पोटदुखीच्या गोळ्या आणल्या आणि कारखान्यात खुर्चीवर जरा डावीकडे कलून बसू लागलो.

घरी मात्र लपवणे अवघड होते. एका सकाळी ताटात अर्धी भाकरी ठेवून उठलो तेव्हा पत्नीने विचारले, "अहो, पोट दुखतंय का?"

"काठीचं दुखणं आहे," मी म्हणालो.

"मग काठीला दुखू दे की. तुम्ही का वाकडे चालताय?"

मी हसण्यावारी नेले. खरे कारण तिला सांगण्यासारखे नव्हते. अक्षता सोहळा हा आमच्या यात्रेचा मुख्य दिवस. त्या दिवशी काठी कुणी पेलायची हे मल्लूअण्णा ठरवतात. अण्णा आमचे वस्ताद. त्यांच्या हाताखालीच मी शिकलो. यंदा त्यांनी माझ्याकडे पाहून नुसते "बघू की" म्हटले होते. त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली होती. मी पन्नाशी ओलांडलेला, अंगाने सुटलेला माणूस. माझ्या मागे शिवा नावाचा काटक जवान तयार उभा होता. पोट दुखते असे कुणाला कळले असते तर अण्णांचा निर्णय तिथेच झाला असता.

त्या दिवसांत मी रोज पहाटे तळ्यातल्या मंदिरात जात होतो. पाण्यावरून गार वारा येई, घंटा वाजत आणि मी गाभाऱ्यासमोर डोळे मिटून उभा राही. लोकांना वाटे, मास्तरांची भक्ती वाढली. मी काय मागत होतो ते आज लिहिताना लाज वाटते. दुखणे जाऊ दे, असे मी एकदाही म्हणालो नाही. ते कुणाच्या लक्षात येऊ देऊ नकोस, अक्षतेपर्यंत मला निभावून ने, एवढेच मागणे होते. वर मनाशी समजूतही घालत होतो की हे दुखणे म्हणजेच माझी सेवा आहे, जे दुखते ते देवाच्या पायी वाहिले आहे. माणूस आपल्या हट्टाला किती सुंदर नाव देऊ शकतो, हे मला तेव्हा दिसत नव्हते. आणि कधी कधी कळ असह्य झाली की मनात येई, इतकी वर्षे सेवा केली, मग हा माझ्याकडे बघत का नाही?

पुढे आला तो रविवार. सकाळचा सराव होता. ऊन नुकतेच अंगावर येत होते, दुकाने उघडत होती आणि आम्ही रस्त्याची एक बाजू अडवून काठी चालवत होतो. काठी एकाच्या कमरेतून दुसऱ्याच्या कमरेत जाते तेव्हाचा आमचा एक नियम आहे. घेणारा समोर येऊन उभा राहतो, बुंधा आपल्या खोबणीत घेतो आणि म्हणतो, "धरली." तो शब्द ऐकला की देणाऱ्याने दोन्ही हात एकदम सोडायचे. एक हात आधी, दुसरा नंतर, असे चालत नाही. अर्धवट सोडलेली काठी हमखास कलते. अण्णा म्हणत, पेलायला ताकद लागते, पण सोडायला विश्वास लागतो, आणि आमच्या मास्तरांकडे ताकद भरपूर आहे. यावर सगळे हसत आणि मीही हसत असे. मी काठी सोडायला नेहमीच उशीर करतो, हे सगळ्यांना माहीत होते.

त्या सकाळी काठी माझ्याकडे आली. मी थोडेच अंतर गेलो असेन, आणि पोटात काहीतरी स्वतःभोवती गरकन फिरले असे वाटले. डोळ्यांपुढचा रस्ता पांढरा झाला. वर काठीचा शेंडा हलताना दिसला, आणि माझ्या तळहातांना घाम फुटला. अण्णा धावत समोर आले. त्यांनी बुंधा आपल्याकडे ओढला.

"धरली. सोडा मास्तर."

मला ऐकू आले, पण हात सुटेनात. त्या क्षणी मी काठीला धरले होते की काठीने मला, हे मला आजही सांगता येणार नाही. अण्णा पुन्हा म्हणाले, "सोडा म्हणतोय की." शेवटी शिवाने माझी बोटे एकेक करून उकलली. मी फुटपाथवर बसलो आणि पुन्हा सरळ होता येईना.

सगळे भोवती जमले. कुणी लिंबू-सोडा आणायला धावले, कुणी म्हणाले पट्टा सैल झालाय, आणखी आवळा. शिवाने खरोखरच पट्ट्याला हात घातला. एवढ्यात मागे खोळंबलेल्या गाड्यांतल्या एका पिकअपचा चालक खाली उतरून आमच्याकडे आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस, खांद्यावर टॉवेल.

"ओ पाव्हणं, रस्ता सोडताय का न्हाय? केळी हायती गाडीत, लोखंड न्हाय. काळी पडत्याती."

मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा आवाज उतरला. "ह्यांना काय झालं?"

"काय न्हाई, काठीचं दुखणं हाय," शिवा म्हणाला. "पट्टा आवळला की बसतंय."

"आरं आवळू नगंस." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "माज्या भणीचं बी समदे ग्यास, ग्यास म्हणत हुते. शेवटी रातोरात हितं सोलापूरच्या दवाखान्यात आणली. लई दुकतंय न्हवं, दादा?"

का कोण जाणे, इतक्या दिवसांत ज्यांना मी ओळखतो त्या सगळ्यांना मी नाही म्हणत आलो होतो. या अनोळखी माणसाला मी हो म्हणालो.

"मग चला. मला काय कळत न्हाय, पन तितल्या दाक्तरला कळतंय. गाडी हायच."

मी अण्णांकडे पाहिले. पोटात आग पेटलेली असतानाही माझ्या तोंडून निघाले, "अण्णा, अक्षतेच्या दिवशी मी..."

"आधी पोट बघा की," अण्णा म्हणाले. "काठी कुटं पळून जातीया व्हय?"

पिकअपच्या केबिनमध्ये मला अर्धवट झोपवले. मागून कच्च्या केळीच्या देठांचा चिकट, हिरवा वास येत होता. शिवा मला धरून बसला होता. तो चालक प्रत्येक खड्ड्याच्या आधी "दम धरा दादा, आला बगा" असे सांगत होता आणि खड्डा गेला की जणू त्याचीच चूक असल्यासारखा पुटपुटत होता. रुग्णालयाच्या दारात त्याने मला उतरवले, चाकाची खुर्ची स्वतः ओढत आणली आणि केळी उतरवायची आहेत म्हणून निघून गेला. त्याचे नाव विचारायचे कुणाला सुचले नाही.

सर्जन मध्यमवयीन होते, सावकाश बोलणारे. त्यांनी पोट दाबून पाहिले, आणि हात उचलला तेव्हा मी कळवळलो. "किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारले.

"कालपासून," मी म्हणालो.

एव्हाना पत्नी येऊन पोचली होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. सर्जननी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "काका, माझ्याशी खोटं बोललात तर नुकसान माझं होणार नाही."

मग मी सगळे सांगितले. सरावाचे, पट्ट्याचे, गोळ्यांचे. सांगताना कळ थोडी कमी झाल्यासारखी वाटली. ती कमी झाली नव्हती, पण तिचे ओझे आता मी एकटा वाहत नव्हतो.

रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. आधी त्यांना अपेंडिक्सची शंका होती. मग स्कॅन करून आणल्यावर ते बराच वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले. "आतड्यांच्या पुढे चरबीचा एक पातळ पडदा लोंबत असतो," ते म्हणाले, "ओमेंटम म्हणतात त्याला. तो स्वतःभोवती फिरून त्याला पीळ बसलेला दिसतोय. रक्त अडकलं असणार. असा पेशंट फार क्वचित बघायला मिळतो. आत पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगणार नाही. दुर्बिणीनं बघू. पोट फाडायचं नाही, तीन बारीक छिद्रं पाडायची. पण थांबायला नको."

"हे काठीमुळं झालं का?" पत्नीने विचारले.

"सांगता येत नाही. वजन, अचानक ताण, काही वेळा काहीच कारण नसतं. पण दुखत असताना वर पट्टा आवळणं, हा उपाय मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही."

पत्नीने डोळ्याला पदर लावला, आणि तशातही म्हणाली, "यांच्या पुस्तकात तोच आहे."

ऑपरेशनच्या आधी गळ्यातला रुद्राक्ष काढून तिच्या हाती दिला. कपाळावर पहाटेच्या विभूतीचे पट्टे होते. ते पुसू का, असे मी परिचारिकेला विचारले. ती म्हणाली, "राहू द्या आजोबा, ऑपरेशन पोटाचं आहे." आजोबा या शब्दाने एरवी मी दुखावलो असतो. त्या दिवशी मला तो अंगावर घातलेल्या पांघरुणासारखा वाटला.

आत नेल्यावर मात्र भीतीने मला गाठले. वर दिव्यांची पांढरी थाळी, भोवती तोंडे झाकलेली माणसे, अंगाला झोंबणारा गारवा. मी देवाचे नाव घ्यायचा प्रयत्न केला. ज्या जयघोषाने माझे सगळे तारुण्य भरून गेले होते, "हर्र बोला हर्र", तो शब्द मला जिभेवर आणता येईना. गाभारा आठवावा म्हटले तर डोळ्यांपुढे फक्त डुलणारा शेंडा येई. मला वाटले, इतक्या वर्षांत मी देवाला कधी पाहिलेच नाही. मी पाहिला तो काठीचा शेंडा आणि तिच्याखाली उभा असलेला मी. मरणाच्या भीतीपेक्षा हे रितेपण मला अधिक भयंकर वाटले. माझ्यापाशी त्याला द्यायला काही नव्हते, आणि त्याच्याकडून घ्यायलाही माझे हात रिकामे नव्हते. कारण त्या वेळी ते कशाला तरी घट्ट धरून होते. कशाला, ते मला कळत नव्हते.

आणि त्याच वेळी अगदी कानापाशी कुणीतरी म्हणाले, "धरलंय. सोडा आता."

आवाज मऊ होता, घाई नसलेला. कुणाचा, हे मला सांगता येणार नाही. मला तो अण्णांचाही वाटला आणि अण्णांपलीकडच्या कुणाचातरीही. शब्द मात्र आमचेच होते, काठी देता-घेतानाचे; ते या बंद खोलीत कुणाला माहीत असण्याचे काही कारण नव्हते. माझ्या आयुष्यात प्रथमच मी दोन्ही हात एकदम सोडले. त्यानंतर काय झाले ते मला ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा ती जुनी कळ नव्हती. पोट जड होते, घसा कोरडा होता, टाके ओढत होते, पण आतला तो हिसका पूर्ण थांबला होता. पत्नी उशाशी बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले आणि त्यांनी विचारले, "बघायचंय का, काय होतं ते?" त्यांनी मोबाइलवर ऑपरेशनचे चित्रण लावले.

त्या लहानशा पडद्यावर मी जे पाहिले त्यातून मी आजही पुरता सावरलेलो नाही. आधी दिसला तो काळपट जांभळा, दोरखंडासारखा वळलेला गोळा. "हा पीळ बसलेला भाग. एवढा कापून काढला," ते म्हणाले. "आणखी थांबला असतात तर आत पू झाला असता, मग गोष्ट वेगळी." मग दुर्बीण पुढे सरकली आणि उरलेला निरोगी पडदा दिसला. तो फिकट पिवळा होता, दिव्याच्या उजेडात ओला चमकत होता, आणि त्याच्यावर रक्तवाहिन्यांची अतिशय नाजूक वेल पसरली होती. जन्मभर मी वेली काढल्या आहेत. एका फांदीतून दुसरी कुठे फुटावी, रिकामी जागा किती सोडावी, यावर मी दिवस घालवले आहेत. अशी वेल माझ्या हातून कधी उतरली नव्हती.

"हा कशासाठी असतो?" मी विचारले.

"सोलापूरच्या माणसाला सांगायचं तर चादरच आहे ही," सर्जन हसून म्हणाले. "आतड्यांवर पांघरलेली. पण साधी चादर नाही. पोटात कुठं सूज आली, जखम झाली, तर ही सरकत सरकत तिथं जाते आणि त्या जागेला गुंडाळून घेते. बाकीच्या पोटाला त्रास होऊ देत नाही. तुम्हाला कळतही नाही."

ते गेल्यावर मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, कारण डोळे थांबत नव्हते. मी देवाला विचारत होतो, तू माझ्याकडे बघत का नाहीस. आणि मी जन्मलो त्या दिवसापासून त्याने विणलेली एक चादर माझ्या आत पांघरलेली होती. लहानपणापासून आजवर माझ्या कुठल्या दुखऱ्या जागांवर ती न सांगता जाऊन बसली असेल, कोण जाणे. तिने कधी आवाज केला नाही, सेवेचा मान मागितला नाही. तिला मी बदल्यात एकच गोष्ट दिली. ती दुखत असताना वरून पट्टा आवळला. चादरी विकणाऱ्या या शहरात राहून मला माझ्या अंगातली चादर ठाऊक नव्हती. मी हात हलकेच पोटावर ठेवला, आणि प्रथमच असे वाटले की हे पोट माझे नाही, मला सांभाळायला दिलेले आहे.

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर चौकशीला आल्या. तरुण मुलगी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, बोलताना डोळ्यांनी हसणारी. मी तिला भीतभीत विचारले, "आत मला कुणी काही म्हणालं का?"

"मीच म्हणाले," ती म्हणाली. "काका, तुम्ही टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की सलाईनची नळी अडकत होती. मी तुमचा हात हातात घेतला आणि म्हटलं, धरलंय, सोडा आता. सगळ्याच पेशंटना म्हणते मी. आमचे अब्बा मला सायकल शिकवताना मागून म्हणायचे, 'पकड्या हूँ बेटा, हात ढीले छोड.' तेच तोंडात बसलंय."

मी काठीचा नियम तिला सांगितला. तिने तो कधी ऐकला नव्हता. ऐकून ती म्हणाली, "खरं सांगू का? अब्बांनी मागून सायकल पकडलेलीच नसायची. नुसतं म्हणायचे."

"मग तुम्ही पडायचात?"

"नाही," ती म्हणाली. "तेच तर."

आवाज कुणाचा होता ते मला असे कळले. कुणाला वाटेल की मग त्यात नवल ते काय राहिले. मला उलट वाटले. सायकल शिकवणाऱ्या एका बापाचा शब्द किती वर्षे, किती तोंडे ओलांडून, नेमका माझ्या भाषेत, माझ्या नियमात, माझ्या कानापाशी येऊन पोचला होता. पाठवणाऱ्याने कुठला रस्ता घ्यावा हे ठरवणारा मी कोण?

त्या केळीवाल्याविषयी मात्र वॉर्डात वेगळीच कथा तयार झाली होती. आला, वाचवले आणि नाव न सांगता गेला, म्हणजे साक्षात सिद्धरामच, असे पत्नी शेजारच्या बायकांना सांगत होती आणि त्या हात जोडत होत्या. ते चालू असतानाच दारात तो उभा. खांद्यावर तोच टॉवेल, हातात केळीचा घड.

"कसं हाय दादा? हे घ्या. थोडी काळी पडल्याती, तुमच्यामुळंच."

पत्नी उठून त्याच्या पाया पडायला गेली. तो दचकून मागे सरला. "आवं वैनी, हे काय करताय? मी उजनी धरनाच्या फुगवट्याकडचा मानूस. द्येव असतो तर टायरं घासली असती व्हय माजी?" सगळे हसले. मग तो सहज म्हणाला, "त्या रस्त्यानं मी कदी येतच न्हाय बगा. न्हेमीचा रस्ता खोदून ठेवलाय म्हनून वळलो, तर म्होरं तुमची काठी आडवी. लई शिव्या दिल्या मनात. माप करा." मी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. त्याची बहीण बरी आहे, हे त्याच्या तोंडून ऐकले आणि मला माझ्या बऱ्या होण्याइतकाच आनंद झाला.

संध्याकाळी मल्लूअण्णा आले. खुर्चीवर बसून त्यांनी फेटा मांडीवर ठेवला. मी रात्रभर जे मनात घोळवले होते ते मीच आधी बोललो. "अण्णा, अक्षतेच्या दिवशी काठी शिवाला द्या."

"दिली की कवाच," अण्णा म्हणाले. "तुमी सोडायची वाट बगत बसलो असतो तर काठी पडली असती, मास्तर."

मी हसलो, आणि टाके दुखले म्हणून पोट धरून हसलो. मला वाटले होते की हे वाक्य ऐकताना माझ्यातले काहीतरी तुटेल. तुटले नाही. उलट कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या कमरेचा पट्टा काढून घेतला असे वाटले.

अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी पत्नीबरोबर रस्त्याच्या कडेला, गर्दीत, एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. पोटावर लोकरीची शाल होती. इतकी वर्षे मी या मिरवणुकीच्या मधोमध असायचो. डोळे सतत वर, शेंड्यावर. त्यामुळे मी कधी लोक पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप, छतांवर दाटीवाटीने उभ्या बायका, विडी विझवून खिशात ठेवणारा एक विणकर, टोपी सरळ करून मान लववणारा एक म्हातारा मुसलमान दुकानदार. काठी जवळ आली की सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी वर होत, आणि त्यांवर जे उमटे ते पेलणाऱ्या माणसासाठी नव्हतेच. काठीखाली कोण आहे, हे कुणी पाहतही नव्हते.

नेमकी आमच्यासमोर काठी एकाकडून शिवाकडे गेली. घेताना-देताना हा क्षण मी असंख्य वेळा आतून अनुभवला होता; बाहेरून तो प्रथमच पाहत होतो. शिवाने बुंधा खोबणीत घेतला. "धरली," तो म्हणाला. देणाऱ्याचे दोन्ही हात एकदम सुटले. आणि शिवाचे हात काठीवर बसण्याआधी, श्वासापुरता एक क्षण, मी स्पष्ट पाहिले, की तिच्यावर कुणाचाच हात नव्हता. एवढी उंच, सजवलेली, वाऱ्यात डोलणारी काठी त्या गर्दीत अगदी सरळ उभी होती.

मग शिवाची बोटे मिटली, जयघोष उठला आणि काठी पुढे निघाली. माझ्या ओठांवर तो शब्द न बोलावता आला, जो ऑपरेशनच्या खोलीत बोलावूनही आला नव्हता. पत्नीने विचारले, "दमलात का?" मी नकारार्थी मान हलवली. सरावाला लागल्यापासून इतक्या वर्षांत देव समोरून जात असताना माझे दोन्ही हात कधी मोकळे नव्हते. त्या दिवशी ते मोकळे होते. मी ते जोडले.